‘माझ्या लॅपटॉपवर तर दिसतंय!’ : वेबसाइट शिकणाऱ्यांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की कॉलेजात वेबसाइट बनवायला शिकताय का, कुठे अडतंय ते कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, त्यातली निम्मी तर सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलेली दिसतायत. काहींनी नुसता स्क्रीनशॉट पाठवलाय, खाली "ताई प्लीज हेल्प". मी स्वतः डिप्लोमावालीच, आता नोकरी वेबसाइटचीच करते आणि शनिवारी एका कॉलेजात लॅब घेते, त्यामुळे दोन्हीकडचं रडगाणं माहितीये. जमतील तेवढी उत्तरं देते. नावं मुद्दाम काढलीयेत, तुमचे सरही हे मासिक वाचत असतील.

"ताई, मी डिप्लोमा कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे. आमच्या लॅबमध्ये अजून नोटपॅडवर मार्की टॅग आणि टेबलं टाकून पानं करायला लावतात आणि वर सगळा कोड जर्नलमध्ये हाताने लिहायचा. यूट्यूबवर बघावं तर सगळे रिअ‍ॅक्ट करतायत. आम्ही शिकतोय त्याचा काही उपयोग आहे का नुसता टाइमपास?" — सांगली जिल्हा

अर्धा टाइमपास आहे, अर्धा नाही, आणि घोळ असा की शिकताना कुठला अर्धा कुठला ते कळत नाही.

मार्की सोडून दे. पळणारी पाटी ही इंटरनेट एक्सप्लोररची देणगी, आणि तो एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला रिटायर केला, पण आपल्या जर्नलमध्ये "वेलकम टू माय वेबसाइट" अजून उजवीकडून डावीकडे धावतंय. फॉन्ट टॅग, सेंटर टॅग, टेबलात टेबल टाकून पानाची मांडणी करणं, हे सगळं त्याच पेटीतलं. सीएसएस (पानाचे रंग, आकार, मांडणी ठरवणारी भाषा) नव्हतं तेव्हा लोकांना दुसरा इलाजच नव्हता. हाकोन विउम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडली, पहिलं प्रमाण (स्टँडर्ड) १९९६ च्या डिसेंबरात आलं, आणि ब्राउझर ते नीट पाळायला लागेपर्यंत पुढे अजून बरीच वर्षं गेली. म्हणजे तुला शिकवतायत ती जुगाडाच्या काळातली पद्धत आहे. परीक्षेत विचारलं तर लिही, मार्क घे, विसरून जा. टेबल मात्र विसरू नको, रिझल्ट, दरपत्रक, एसटीचं वेळापत्रक असलं काही दाखवायचं तर टेबलच लागतं, फक्त पानाचा सांगाडा त्याने उभा करायचा नाही.

आता उपयोगाचा अर्धा. साधं एचटीएमएल. हेडिंग कुठलं, परिच्छेद कुठला, यादी कुठली, लिंक कुठली, बटण कुठलं, हे नीट सांगता येणं. हे सोपं वाटतं म्हणून पोरं पळत सुटतात आणि मग रिअ‍ॅक्टमध्ये, म्हणजे साइट बांधायच्या त्या तयार जावास्क्रिप्ट सामानात, सगळीकडे डिवच्या (स्वतःचा अर्थ नसलेल्या नुसत्या डब्याच्या) पोटात डिव, बटण म्हणूनसुद्धा डिव, आणि कीबोर्डवर टॅब दाबला की त्या बटणावर जाताच येत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत पहिली वेबसाइट केली ती १९९१ ला लोकांसमोर आली, २०१३ मध्ये सर्नने ती जुन्या पत्त्यावर परत ठेवली, तू आत्ता मोबाईलवर उघडलीस तर उघडते. दोन वर्षांपूर्वीचे आमच्या पोरांचे फायनल इयर प्रोजेक्ट उघडत नाहीत ताई-दादांनो, हे मी रोज बघते.

आणि एक गंमत, तुझ्याही कॉलेजात असेल. डिप्लोमाच्या आय-स्कीम अभ्यासक्रमात पाचव्या सेमला ‘क्लायंट साइड स्क्रिप्टिंग’ विषय होता, त्याला सगळे सीएसएस म्हणायचे, आणि त्यात शिकवायचे जावास्क्रिप्ट ही वेगळीच भाषा. त्यामुळे इंटरव्ह्यूला "सीएसएस येतं का" विचारलं की पोरं "हो सर, सिक्स्टी एट मार्क्स" म्हणून मोकळी, आणि पुढे फ्लेक्स (सीएसएसमधली मांडणीची पद्धत) म्हणजे काय विचारलं की गप्प.

हाताने कोड लिहिण्याबद्दल मी काही बोलत नाही. म्हणजे बोलले असते, पण माझ्याच कॉलेजात तेच चालतं.

रिअ‍ॅक्ट शीक, जरूर शीक, पण आधी असलं तयार फ्रेमवर्क न घेता एक पान असं कर जे मोबाईलवर आडवं सरकवावं लागत नाही. वेब डिझायनर इथन मार्कोट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’ (स्क्रीनप्रमाणे आपोआप आकार घेणारं) हा शब्द २०१० साली वापरात आणला, म्हणजे तू शाळेतही जात नव्हतीस, आणि अजून निम्म्या प्रोजेक्टांत व्ह्यूपोर्टची ती एक ओळ नसते. ती नसली की फोनला वाटतं हे कॉम्प्युटरचं रुंद पान आहे, म्हणून तो सगळं आकसून मुंगीएवढं दाखवतो. एक ओळ. तुझ्या जर्नलच्या पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये आहे का बघ, नसली तर आजच घाल.

"आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवर एकदम झकास चालत होता. ओरलला एक्स्टर्नलसमोर लॅबच्या पीसीवर उघडला तर एकही फोटो नाही, सगळं पान डावीकडे चिकटलेलं, मेनूच्या जागी निळ्या लिंका. सरांना वाटलं आम्ही केलंच नाही. नेमकं काय झालं असेल?" — बीसीए, सातारा

अरेरे. पण खरं सांगू, हे इतक्या जणांचं होतं की मी तुझं पत्र वाचता वाचता बोटावर कारणं मोजत होते.

फोटो गेले कारण तुम्ही फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून लिहिला असणार, सी ड्राइव्ह, युजर्स, मग तुझं नाव, मग डेस्कटॉप. लॅबच्या पीसीवर तू राहत नाहीस. पत्ता नेहमी त्या पानापासून मोजायचा, म्हणजे ‘माझ्या शेजारच्या इमेजेस फोल्डरमधला अमुक फोटो’, मग फोल्डर पेनड्राइव्हवर टाका नाहीतर सर्व्हरवर, बिघडत नाही.

पान डावीकडे चिकटलं आणि लिंका निळ्या झाल्या म्हणजे बूटस्ट्रॅप (मांडणीचं तयार सीएसएस) आलंच नाही. ते तुम्ही इंटरनेटवरून ओढत होतात, आणि प्रॅक्टिकल परीक्षेला लॅबचं नेट बंद ठेवतात. हे कुणी सांगत नाही आणि दरवर्षी कुणीतरी रडतं. फाईल डाउनलोड करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवायची, संपला विषय. घरी तपासायचं असेल तर वायफाय बंद कर आणि पान रिफ्रेश कर, दोन सेकंदात कळेल आपलं काय उधारीवर चाललंय.

तिसरं कारण तुम्हाला अजून भेटलेलं नाही पण भेटेल, म्हणून आत्ताच सांगते. विंडोजला फाईलच्या नावात मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं सारखीच, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचं जेपीजी कधी कॅपिटलमध्ये असतं आणि आपण कोडमध्ये स्मॉलमध्ये लिहितो, घरी दिसतं, ऑनलाइन टाकलं की गायब. सगळी नावं छोट्या अक्षरात, मध्ये स्पेस नाही, ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल न्यू खरंच फायनल’ असली नावं तर अजिबात नाहीत, त्यासाठी गिट (फाईलच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) शिका.

आणि मागच्या वर्षी आमच्याकडे एकाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकलहोस्टची लिंक टाकून "गाइज चेक करा आपली साइट लाइव्ह झाली" असा मेसेज केला होता. बिचाऱ्याला वर्षभर सगळे लोकलहोस्ट म्हणून हाक मारत होते. लोकलहोस्ट म्हणजे ‘हाच कॉम्प्युटर’, त्यामुळे त्या लिंकवर प्रत्येकाला आपापलं घर दिसणार.

पुढच्या वेळी ओरलच्या चार दिवस आधी प्रोजेक्ट गिटहब पेजेसवर (साइट ऑनलाइन ठेवायची जागा) टाका, फुकट आहे. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) त्यावर चालत नाही, नुसतं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट चालतं, म्हणून निदान पुढची पानं तरी टाका. मग लिंक आईला पाठवा. आईच्या फोनवर दिसलं तर एक्स्टर्नललाही दिसेल.

"माझी आई गावात बचत गट चालवते, पापड, कुरडया, सांडगी मिरची. मी बीएस्सी आयटीला आहे, प्रोजेक्ट म्हणून त्यांचीच मराठी वेबसाइट करतेय. मजकूर गावातल्या डीटीपीवाल्या काकांनी टाइप करून दिला पण पेस्ट केला की भलतीच इंग्रजी अक्षरं येतात. जो मी स्वतः टाइप केला तो पण कसातरीच दिसतो, अक्षरं तुटल्यासारखी. मराठीत वेबसाइट करूच नये का? मैत्रिणी म्हणतात इंग्लिशमध्ये कर, प्रोफेशनल वाटतं." — कोकणातून एक वाचक

मैत्रिणींना सांग की पापड घेणाऱ्या बाईला प्रोफेशनल नकोय, किलोचा भाव हवाय. मराठीतच कर. आणि हा प्रश्न आला म्हणून मला एवढा आनंद झालाय की जरा लांबणार आहे, कारण कॉलेजात मराठी पान कसं करायचं हे कुण्णीच शिकवत नाही, सगळी उदाहरणं ‘हॅलो वर्ल्ड’ आणि ‘लोरेम इप्सम’.

आधी काकांचा मजकूर. काकांनी तो श्रीलिपी, शिवाजी नाहीतर कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असणार. त्या फॉन्टांची गंमत अशी की आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फक्त त्यांच्या अंगावर मराठी कपडे चढवलेले. काकांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसतं, तुझ्याकडे नाही म्हणून कपडे उतरले. छपाईला हे चालून जातं, कागदाला आत काय साठवलंय याच्याशी देणंघेणं नसतं. वेबला असतं. गुगलवर कुणी ‘कुरडया’ शोधलं तर असलं पान सापडणारच नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, त्यामुळे फॉन्ट कुठलाही असो, क हा क च राहतो. काकांचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढ, असे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण नंतर डोळ्यात तेल घालून वाच. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर, त्यामुळे तिथे हमखास गडबड होते, रफार आणि जोडाक्षरंही सरकतात. ‘मिरची’ची काय वाट लागते ते बघशीलच. मजकूर थोडा असेल तर मी म्हणेन सरळ परत टाइप कर, लवकर होईल.

टाइप करताना ‘कुरकुरीत कुरडयांच्या ऑर्डरी घेणार्या’ असं लिहू नको, ‘घेणाऱ्या’ लिही. ऱ चा तो अर्धा चंद्र कीबोर्डवर आहे, सापडत नाही म्हणून लोक रफार देतात, मग दऱ्या चा दर्या होतो आणि डोंगरातलं गाव समुद्रात जातं.

आता अक्षरं तुटल्यासारखी का दिसतात. पैजेवर सांगते, तू कुठलं तरी इंग्रजी टेम्प्लेट घेतलंयस आणि त्याच्या हेडिंगला लेटर-स्पेसिंग दिलेलं आहे. इंग्रजीत अक्षरं लांब लांब ठेवली की फॅशनेबल दिसतं, मराठीत तीच ओळ लावली की शिरोरेषेचे तुकडे होतात, प्रत्येक अक्षर स्वतःची पाटी घेऊन वेगळं उभं. ते शून्य कर. मग लाइन-हाइट (एका ओळीची उंची) बघ. इंग्रजीला जेवढी पुरते तेवढी आपल्याला पुरत नाही, आपल्याकडे वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं खाली उतरतात, मग वरच्या ओळीचा ऊ खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. दीड ते पावणेदोनपट ठेव. आणि ज्या बटणांना उंची ठरवून दिलीयेस तिथे ‘पत्त्यावर पोचवू’ सारखा मजकूर टाकून बघ की वरखाली कापला जातोय का.

फॉन्ट गुगल फॉन्ट्सवरून फुकट घे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा माझा आवडता, सात वजनांमध्ये मिळतो, वाचायला स्वच्छ, फोनवर पण. हेडिंगला बालू घेतलास तर पापडाच्या साइटला शोभेल, गुबगुबीत आहे. ज्या फॉन्टमध्ये खरा बोल्ड नाही त्याला बोल्ड करू नको, ब्राउझर मग आपल्या मनाने अक्षरावर जाड थर फासतो आणि ष, ध, घ यांची पोटं बुजतात.

दोन गोष्टी डोळ्याला न दिसणाऱ्या. पानाच्या सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगला लँग असतो, तिथे टेम्प्लेटवाल्याने ‘ईएन’ लिहून ठेवलेलं असतं, ते ‘एमआर’ कर. त्याने काय होतं? नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी रूपं वेगळी आणि हिंदी रूपं वेगळी भरलेली असतात, पान मराठी आहे असं सांगितलं की पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. शिवाय दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडरने ऐकत असेल तर त्या रीडरला कळतं की हे मराठी आवाजात वाचायचंय, नाहीतर तो मराठी मजकूर इंग्रजी तोंडाने वाचायला जातो किंवा गप्पच बसतो. दुसरी गोष्ट, चारसेट यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं कशी साठवलीयेत ते ब्राउझरला सांगणारी ओळ. ते राहिलं की मराठीच्या जागी टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं दिसू शकतात. आणि ऑर्डरी डेटाबेसमध्ये साठवताना मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली तर घाबरू नको, टेबलाचं कोलेशन (अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ एमबी-४ कर, पीएचपीच्या कनेक्शनलाही तेच सांग. दुसरं बहुतेक जण विसरतात आणि रात्रभर टेबलाकडे बघत बसतात. आधीची प्रश्नचिन्हं मात्र परत नावं होणार नाहीत, ती नावं गेली.

फोटो. तुझ्या फोनवरचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा असणार, असे दहा टाकलेस तर गावच्या नेटवर पापड उघडेपर्यंत पापड मऊ पडेल. स्क्वूश नावाचं फुकटचं टूल ब्राउझरमध्येच चालतं, रुंदी हजारेक पिक्सेल कर, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये काढ, शंभर-दीडशे केबीत काम होतं. फोन नंबरची लिंक दे म्हणजे बोट लावलं की कॉल लागेल. पानावर नंबर मराठी आकड्यात लिही हवं तर, पण लिंकच्या आत इंग्रजी आकडेच ठेव. आणि शॉपिंग कार्ट, लॉगिन, पेमेंट गेटवे असलं काही घालू नको. प्रोजेक्टला मार्क जास्त पडतात म्हणून सगळे घालतात. तुझ्या आईला विचार, ऑर्डर आत्ता कशी येते? फोनवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. मग वेबसाइटने भाव, फोटो, या सीझनला काय संपलं काय आहे, एवढं सांगितलं की झालं. ‘संपलं’ हे आईला स्वतः बदलता आलं पाहिजे, तुला दर वेळी फोन करावा न लागता. हे कसं करायचं याचा विचार केलास ना, की तुझा प्रोजेक्ट वर्गात सगळ्यात वरचा असेल, गाइडना कळो न कळो.

"माझी मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सहा महिन्यांचा वेब डेव्हलपमेंटचा क्लास लावायचा आहे, फी पंचेचाळीस हजार, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. हप्त्यांची सोय आहे. भरावेत का?" — एक पालक, छत्रपती संभाजीनगर

काका, मुलीला आवड असेल तर शिकू द्या, बीकॉम असल्याने काही अडत नाही, या धंद्यात डिग्रीपेक्षा केलेलं काम बघणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. पण पैसे भरायच्या आधी क्लासवाल्यांना एवढंच सांगा, मागच्या बॅचच्या मुलांनी केलेल्या तीन वेबसाइट दाखवा, आणि त्या तुम्ही तुमच्या स्वतःच्या फोनवर उघडा. तिन्ही एकसारख्या दिसल्या, तोच पिझ्झा, तोच निळा मेनू, तर समजा सगळ्यांनी सरांच्या कोडवरून गिरवलंय. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे काय ते लेखी मागा. पगार किती, कुठल्या कामाची नोकरी, डेटा एंट्रीची पण प्लेसमेंटच धरतात.

हप्त्यांचं नीट वाचा. बऱ्याचदा तो क्लासचा हप्ता नसतो, फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, क्लास आवडला नाही म्हणून मुलीने सोडला तरी कर्ज सुटत नाही. हे आमच्या ओळखीत झालेलं आहे म्हणून सांगतेय, दीड वर्ष फेडत होते.

आधी दोन महिने घरी फुकट करून बघू द्या. फ्रीकोडकॅम्पवर रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचा पूर्ण अभ्यासक्रम आहे, एक पैसा लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बऱ्याच विषयांचे व्हिडिओ मराठी आवाजातही आहेत. अडलं की मोझिलाचं एमडीएन (वेबच्या माहितीची संदर्भ साइट) बघावं. डब्ल्यूथ्रीस्कूल्स सोपं आहे, चालेल, फक्त नावावरून ते डब्ल्यूथ्रीसी या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं वाटतं, तसं नाहीये. दोन महिन्यांनी मुलगी स्वतःहून अजून बसत असेल तर क्लासला पाठवा, तेव्हा तिला तिथे काय विचारायचं तेही कळत असेल.

"माझ्या मित्राने पूर्ण प्रोजेक्ट चॅटजीपीटीकडून करून घेतला, लॉगिन, अ‍ॅडमिन पॅनल सगळं, आणि त्याला माझ्यापेक्षा सात मार्क जास्त. मी तीन महिने राबलो. मग मी मूर्ख आहे का?" — नाशिक

मूर्ख नाहीस, चिडलायस, आणि चिडायला कारण आहे. सात मार्कांचं मी काही करू शकत नाही.

पण एक कर. मित्राच्या लॉगिन पानावर जा, त्याला विचारून जा, आणि युजरनेमच्या जागी ते प्रसिद्ध वाक्य टाक, एक अवतरण चिन्ह, मग ‘ऑर’, मग एक बरोबर एक. तुझ्या सरांनी एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसला फसवून आत घुसण्याच्या) धड्यात लिहून दिलेलं असेल. पासवर्ड न देता अ‍ॅडमिन पॅनल उघडलं तर त्याला चहा पाजायला लाव. मी लॅबमध्ये हे करते तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मशिनने लिहिलं म्हणून असं होतं असं नाही, विचारलं तर ते प्रिपेअर्ड स्टेटमेंटही (ही युक्ती अडवणारी पद्धत) लिहून देतं, पासवर्ड-हॅशही (पासवर्ड न वाचता येईल असा साठवणं) वापरतं. पण विचारायचं काय हे माहिती पाहिजे ना. मित्राच्या डेटाबेसमध्ये पासवर्ड सरळ वाचता येतायत का तेही बघ, का एमडी-५ या जुन्या हॅशमध्ये आहेत, ते पण आता कामाचं राहिलेलं नाही.

मी स्वतः ऑफिसात ही टूल्स रोज वापरते, त्यामुळे तुला सोवळं पाळायला सांगणार नाही. फक्त शिकत असताना उलट क्रमाने वापर. आधी तू लिही, मग त्याला विचार यात काय चुकलंय. आणि त्याने दिलेली जी ओळ तुला मित्राला समजावून सांगता येत नाही ती प्रोजेक्टमध्ये ठेवायची नाही. चांगला एक्स्टर्नल ओरलला एकच गोष्ट करायला लावतो, "या फॉर्ममध्ये मोबाईल नंबरचा एक रकाना वाढव आणि सेव्ह करून दाखव". फॉर्म, व्हॅलिडेशन, क्वेरी, टेबल, चार ठिकाणी हात घालावा लागतो. तुला पाच मिनिटं लागतील. मित्राला एवढं कुणी विचारलं नाही हे त्याचं नशीब, नोकरीच्या इंटरव्ह्यूला विचारतात.

"लॅपटॉप नाही. फक्त मोबाईल आहे. शिकता येईल का?" — यवतमाळ

सुरुवात करता येईल. अँड्रॉइडवर अ‍ॅकोड नावाचा एडिटर आहे, त्यात एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट लिहून तिथेच बघता येतं. टाइप करायला वैताग येतो, जमलं तर दोन-चारशे रुपयांचा वायरचा कीबोर्ड आणि ओटीजीची पिन घे, जगणं सुसह्य होतं. कोड गिटहबवर ठेव म्हणजे कॉलेजच्या लॅबमधल्या कुठल्याही पीसीवर बसून पुढे चालू करता येईल. लॅब अटेंडंटशी ओळख वाढव, लेक्चर नसताना बसू देतात, माझं अर्धं शिक्षण त्यांच्याच कृपेने झालंय. आणि तुझा एक फायदा आहे जो लॅपटॉपवाल्यांना नाही, तू पहिल्या दिवसापासून पान फोनवरच बघतोयस, जिथे लोक बघतात.

"कोडिंग जमतं पण डिझाइन जमत नाही. रंगच कळत नाहीत. मॅडम म्हणाल्या तुझी साइट गणपतीच्या मंडपासारखी दिसते." — पुणे

मंडपाचा अपमान आहे हा, मंडपवाल्यांना रंग बरोबर कळतात, दुरून दिसलं पाहिजे एवढंच त्यांचं काम.

तू सगळे रंग काढून टाक. पांढरं पान, जवळजवळ काळी अक्षरं, एकच रंग बटणांना आणि लिंकांना. तेवढ्यावर पूर्ण साइट उभी कर. मग लक्षात येईल की अडचण रंगांची नव्हती, मोकळ्या जागेची होती, सगळं एकमेकांना खेटून बसलेलं होतं आणि कुठे बघायचं ते कळत नव्हतं म्हणून तू रंग ओतत होतास. हेडिंग आपल्या परिच्छेदाच्या जवळ, वरच्या परिच्छेदापासून लांब, एवढं केलंस तरी निम्मं काम होतं. काँट्रास्टला (अक्षर आणि मागचा रंग यांतल्या फरकाला) नियम आहे, मनाचा कारभार नाही. साध्या मजकुराला ४.५ ला १, मोठ्या हेडिंगला ३ ला १, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रंगावर क्लिक केलं की आकडा दिसतो. फिकट राखाडी अक्षरं स्क्रीनशॉटमध्ये क्लासी दिसतात. तीच दुपारी एकला स्वारगेटला उभं राहून फोनवर वाचून दाखव.

"आमच्या कॉलेजची वेबसाइट फार वाईट आहे. तीच नवीन करून फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून दिली तर चालेल का? सर रागावतील का?" — कोल्हापूर

सर रागावणार नाहीत, ज्यांनी ती बनवून दिलीये ते रागावतील, आणि बहुधा तो संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा असतो.

पूर्ण साइट करायला घेऊ नको, पन्नास पानं आणि त्यातली चाळीस उद्घाटनाच्या फोटोंची. एक पान घे. कुठलं, ते स्वतः ठरवू नको, आठवडाभर वर्गातल्या मुलांना विचार की तू कॉलेजच्या साइटवर जातोस कशाला. मला वाटतं उत्तर एकच येईल, परीक्षेची नोटीस. ती नोटीस म्हणजे काय असते, सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून टाकलेली पीडीएफ, तीही आडवी. फोनवर मान वाकडी करून वाचायची. दृष्टिहीन मुलाच्या स्क्रीन रीडरला तर त्यात एकही अक्षर सापडत नाही, त्याच्या दृष्टीने तो नुसता फोटो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने असल्या गोष्टींची जबाबदारी आलेली आहे, सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, प्रोजेक्ट रिपोर्टच्या प्रस्तावनेत घालायला तुला आयता मजकूर.

तर तू नोटिशीचं पान कर. तारीख, विषय, कुठल्या वर्षाला, सगळं मजकुरात, खाली हवी तर मूळ पीडीएफ. ऑफिसमधल्या क्लार्क मॅडमना एका साध्या फॉर्ममधून नोटीस भरता आली पाहिजे, आणि त्यांना मराठीत टाइप करून बघायला लाव, तू टाइप करून नको. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर विंडोजला फुकट मिळतो, तो लावून मॉनिटर बंद कर आणि तुझंच पान वापरून बघ, परीक्षा कितीला आहे ते कळतंय का. आणि कॉलेजचा लोगो लावून खऱ्या साइटसारखं दिसणारं पान ऑनलाइन सोडू नको, वर ठळक ‘विद्यार्थी प्रकल्प’ लिही, खोट्या नोटिशीवरून गोंधळ झाला तर प्रोजेक्ट राहील बाजूला.

झालं की प्रिन्सिपल सरांची वेळ घे. लॅपटॉप नेऊ नको, प्रोजेक्टर तर नकोच. लिंक पाठव आणि म्हण, सर, तुमच्या फोनवर उघडता का जरा.